ठीक आहे म्हणणारे पेशंट

तोफखान्यातून निवृत्त झालेले एक हवालदार सकाळी स्वतः मोटारसायकल चालवत रुग्णालयात आले. गाडी नीट स्टँडला लावली, केसपेपर काढला आणि नंबर येईपर्यंत बाकावर ताठ बसून राहिले. छातीत जरा जड वाटतंय, गॅस असेल, एवढंच त्यांनी खिडकीवर सांगितलं होतं. आतल्या तरुण डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "दुखणं दहापैकी किती?" हवालदार म्हणाले, "दोन." दोन म्हणजे घाई नाही, त्यांना बाहेर थांबायला सांगितलं गेलं. जाता-येता मेट्रन मॅडमना त्यांच्या कपाळावरचा घाम दिसला. त्या शेजारी बसल्या आणि दुखण्याचं नावही न काढता त्यांनी विचारलं, "आज सकाळचं फिरणं झालं का?" नाही झालं. "रोज किती चालता?" पाच किलोमीटर. "मग आज काय झालं?" हवालदार जरा थांबले. "पायरीवरच बसलो मॅडम. पुढं पाय उचलंना."

लगेच ईसीजी काढला. हार्ट अटॅक होता आणि तो पहाटेपासूनच सुरू झालेला होता.

या मॅडम स्वतः फौजेतल्या. पुण्यात आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजच्या (एएफएमसी) नर्सिंग कॉलेजात शिकल्या, मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये कमिशन घेतलं, श्रीनगरचं ९२ बेस हॉस्पिटल, लेहचं १५३ जनरल हॉस्पिटल, पुण्याचं कमांड हॉस्पिटल असं करत लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाल्या. आता सातारा-कराड पट्ट्यातल्या एका खासगी रुग्णालयात नर्सिंगचा सगळा कारभार त्यांच्याकडे आहे. माजी सैनिक तिथं रोज येतात. त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांना आणि नर्सना फौज समजावून सांगणं हे काम त्यांना कुणी नेमून दिलं नव्हतं. गरज पाहून त्यांनीच ते अंगावर घेतलं. दुपारच्या पाळीची अदलाबदल होते त्या वेळात, ड्युटी रूममध्ये, हातात एखादा जुना केसपेपर घेऊन त्यांचा वर्ग चालतो.

या भागात हे काम किती मोठं आहे ते इथल्या गावांकडं पाहिलं की कळतं. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला 'मिलिटरी' हे नाव जोडूनच लोक ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले आणि त्याचा स्मृतिस्तंभ गावात उभा आहे. शिरोळ तालुक्यातली सैनिक टाकळीही तशीच. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत, बाप महार रेजिमेंटमध्ये, मुलगा सिग्नल्समध्ये, अशी घरं सातारा, सांगली, कोल्हापुरात शेकड्यांनी आहेत. नोकरीत असेपर्यंत या माणसांना तपासणारा डॉक्टर वर्दीतला असतो. जवान काय बोलला आणि काय गिळून गेला, हे त्याला बऱ्यापैकी कळतं. निवृत्तीनंतर हे सुटतं. १ एप्रिल २००३ रोजी माजी सैनिकांसाठीची आरोग्य योजना, म्हणजे ईसीएचएस, सुरू झाली. आज तिची देशभर चारशेहून अधिक पॉलिक्लिनिक आहेत आणि तिथून पाठवलेले पेशंट नोंदणीकृत खासगी रुग्णालयात दाखल होतात. मोठ्या उपचारांसाठी पुणे-बेळगावची मिलिटरी हॉस्पिटलं गाठायची वेळ कमी झाली, ही मोठीच सोय. पण त्यामुळं कधी छावणीत पाऊल न टाकलेला डॉक्टर आणि आयुष्यातली उमेदीची वर्षं छावणीत काढलेला पेशंट समोरासमोर आले. त्या दोघांची ओळख करून द्यायची तजवीज मात्र कुठंच नव्हती.

मॅडम वर्गात सुरुवात करतात ती सिक रिपोर्टपासून. जवानाला बरं नसेल तर तो सकाळी सिक रिपोर्ट करतो, त्याचं नाव लिहिलं जातं, त्याला एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या तपासणी-खोलीत, नेलं जातं आणि तो कामावर जाऊ शकतो की नाही हे डॉक्टर ठरवतात. यात गुपित काहीच राहत नाही. कोण आजारी आहे ते अख्ख्या कंपनीला कळतं आणि त्याची रात्रीची गार्ड ड्युटी त्याच्याच बॅरेकमधल्या दुसऱ्याच्या वाट्याला येते. वारंवार सिक रिपोर्ट करणाऱ्याकडं कामचुकार म्हणून पाहिलं जातं. त्यात भर मेडिकल कॅटेगरीची. फौजेत तब्येत मोजण्याची पद्धत 'शेप' या पाच इंग्रजी अक्षरांत आहे: एस म्हणजे मानसिक स्थिती, एच म्हणजे कान, ए म्हणजे हातपाय, पी म्हणजे शरीराची एकूण ताकद, ई म्हणजे डोळे. सगळीकडं १ असेल तर माणूस शेप-वन, पूर्ण तंदुरुस्त. एका अक्षरापुढं आकडा वाढला की कॅटेगरी खाली आली. मग कोर्स, पोस्टिंग, बढती, सगळ्याचं गणित बदलतं. नाईकचा हवालदार होण्याच्या वर्षी गुडघा दुखतो म्हणून सांगणारा जवान विरळा.

"सतरा-अठरा वर्षं ज्यानं खरं सांगितल्याचा तोटा पाहिलाय, तो तुमच्या ओपीडीत पाच मिनिटांत खरं का सांगेल?" हा मॅडमचा प्रश्न. एका डॉक्टरांनी त्यावर म्हटलं, की आता तर ते निवृत्त आहेत, आता कसली कॅटेगरी? हे वरवर पटण्यासारखं आहे. पण अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी अंगात भिनवलेली गोष्ट पेन्शनच्या आदेशासरशी उतरत नाही. म्हणून त्या नर्सना सांगतात: किती दुखतंय ते विचारू नका, काय करायचं सुटलं ते विचारा. फिरणं सुटलं का, शेतावर जाणं थांबलं का, गाडीची किक मारायला पोराला बोलवावं लागतं का, देवळाच्या पायऱ्या चढताना मध्ये थांबावं लागतं का. दुखण्याची कबुली देताना त्याला कमीपणा वाटतो. काम अडलं हे तो सांगतो, कारण तो त्याच्या दृष्टीनं रिपोर्ट असतो आणि रिपोर्ट खरा द्यायचा हेही त्याला तिथंच शिकवलेलं आहे.

दुसरा प्रश्न पोस्टिंगचा. कुठल्या रेजिमेंटला होता, काम काय होतं आणि कुठं कुठं राहिला. हे तीन प्रश्न गप्पांचे नाहीत, निदानाचे आहेत, असं मॅडमचं ठाम मत आहे आणि त्याला आपल्याच फौजेतल्या डॉक्टरांचा इतिहास साक्षीला आहे. १९६२ च्या युद्धाच्या सुमारास सखल भागातले जवान हिमालयात, लेहसारख्या ठिकाणी, घाईनं वर पाठवले गेले. धडधाकट तरुणांना एक-दोन दिवसांत धाप लागायची, छातीत घरघर व्हायची. हा न्यूमोनियाच असणार अशी पूर्वीची समजूत होती. उंचीमुळं फुप्फुसात पाणी साठण्याचा हा वेगळाच आजार आहे, हे ज्यांनी तपशिलानं मांडलं त्यांत भारतीय लष्करी डॉक्टर होते. मेनन यांचा या आजारावरचा लेख १९६५ साली आणि इंदरसिंग व त्यांच्या सहकाऱ्यांचा उंचीवरच्या आजारावरचा लेख १९६९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. आजार ओळखायला स्टेथोस्कोप पुरेसा नव्हता. जवान कालपर्यंत कुठं होता आणि किती दिवसांत वर आला, हे विचारावं लागलं.

१९८४ पासून सियाचीनवर आपली फौज बारमाही आहे. तिथं महिनोन्‌महिने राहिलेल्याचं रक्त दाट होतं, गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, हे लष्करी डॉक्टरांनी वारंवार नोंदवलं आहे. एक चाळिशीतला माजी जवान पोटरी सुजली म्हणून आला तेव्हा त्याच्या केसपेपरवर 'मुका मार?' असं प्रश्नचिन्हासह लिहिलं होतं. नर्सनं, मॅडमकडून शिकल्याप्रमाणं, पोस्टिंग विचारलं. ग्लेशियरवर असताना एकदा पायाच्या शिरेत गुठळी झाली होती, तिथून खाली आणलं होतं, गोळ्या चालू होत्या, हे सगळं त्याच्याकडच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतल्या कागदांत होतं. पिशवी त्याच्या मांडीवर होती. कुणी मागितली नव्हती म्हणून त्यानं दिली नव्हती.

ही पिशवी फार महत्त्वाची. माजी सैनिक कागद टाकत नाही. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश (पीपीओ), मेडिकल बोर्डाचे कागद, जुने एक्स-रे, सगळं क्रमानं लावून, घडी घालून ठेवलेलं असतं. "आधी पिशवी बघा, मग पेशंट तपासा," असं मॅडम नव्या मुलींना सांगतात.

कानांबद्दल त्या जास्त वेळ बोलतात, कारण इथं गैरसमज रोजचा आहे. देवळालीच्या रेंजवर तोफा डागलेला गनर, अहिल्यानगरला रणगाड्यांवर शिकलेला जवान, कारगिलमध्ये १५५ मिलिमीटर बोफोर्सच्या शेजारी दिवसरात्र उभा राहिलेला माणूस. यांचे कान आयुष्यभराचे दुखावलेले असू शकतात. ऐकू अजिबातच येत नाही असं नसतं. गर्दीत, पंख्याच्या आवाजात, मास्क लावलेल्या नर्सचं बारीक आवाजातलं बोलणं मात्र निसटतं. तो अंदाजानं मान हलवतो. औषध चुकीच्या वेळी घेतो. दोनदा सांगूनही ऐकत नाही म्हणून हट्टी ठरतो, मोठ्यानं बोलतो म्हणून भांडखोर ठरतो. उपाय साधा आहे: समोर उभं राहायचं, मास्क जरा खाली घेता येत असेल तर घ्यायचा, सावकाश बोलायचं आणि तेच गोळ्यांच्या पाकिटावर मराठीत लिहून द्यायचं. कानाची तपासणी तर करायचीच.

एका रात्री वॉर्डात गडबड झाली. हर्नियाचं ऑपरेशन झालेले एक नायब सुभेदार झोपेत होते. राष्ट्रीय रायफल्समधून काश्मीरला दोनदा जाऊन आलेले. पहाटेच्या औषधाच्या वेळी बावीस वर्षांच्या नर्सनं अंधारातच त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी डोळे उघडण्याआधीच तिचं मनगट पकडलं, इतकं घट्ट, की तिला ओरडावं लागलं. वॉर्डबॉय धावले, सिक्युरिटी आली, कुणीतरी झोपेचं इंजेक्शन द्यायची तयारी केली. ते गृहस्थ तोवर पूर्ण जागे होऊन दोन्ही हात पोटाशी घेऊन बसले होते आणि "माफ करा बाळ" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. सकाळी केसपेपरवर 'हिंसक पेशंट' असा शेरा होता.

मॅडमनी त्या नर्सला आधी चहा दिला, मनगटावर बर्फ लावला. तिची भीती खरी होती आणि तिच्याकडं दुर्लक्ष करून फौजेचं कौतुक सांगत बसणं अन्यायाचं झालं असतं. मग दोघी मिळून नायब सुभेदारांकडं गेल्या. त्यांच्या पत्नी सोबत होत्या. त्यांनी जे सांगितलं ते नवऱ्यानं कधीच सांगितलं नसतं: "मी त्यांना हात लावून उठवतच नाही. पायाकडनं हाक मारते. सुट्टीवर यायचे तेव्हापास्नं असंच हाय." त्या दिवसापासून वॉर्डचा नियम झाला. माजी सैनिक झोपलेला असेल तर पायथ्याशी उभं राहायचं, आधी दिवा लावायचा, नावानं हाक मारायची, तो बोलला की मग जवळ जायचं. खोलीचं दार दिसेल अशा बाजूला खाट मागणाऱ्याला शक्य असेल तर ती द्यायची. शेरा बदलून काय घडलं आणि का घडलं ते दोन वाक्यांत लिहिलं गेलं.

बायकोला विचारणं हा मॅडमच्या पद्धतीतला मोठा भाग आहे. झोप, चिडचिड, एकटं बसणं, गर्दीत न जाणं, याची माहिती घरातच असते. नवरा सीमेवर असताना शेत, सासू-सासरे, मुलांच्या शाळा एकटीनं सांभाळलेली ही बाई असते आणि नवरा कायमचा घरी आल्यावर त्या घराची घडी पुन्हा बसवणं तिच्याच वाट्याला येतं. पण तिला नवऱ्यादेखत विचारायचं नाही, एवढं पथ्य पाळावं लागतं.

मनाच्या आजाराचं नाव काढलं की सगळ्यात जास्त अडतं. त्याला कारण आहे आणि ते निव्वळ लाजेचं नाही. शेपमधल्या एस या अक्षराची कॅटेगरी लागली की जवानाच्या हातातलं हत्यार काढून घेतात, हे त्यानं आपल्या पल्टनीत पाहिलेलं असतं. निवृत्तीनंतर या भागातले कितीतरी जण पुण्या-मुंबईत बँकांचे, एटीएमच्या गाड्यांचे बंदूकधारी रक्षक म्हणून लागतात. बंदुकीच्या परवान्याला वैद्यकीय दाखला लागतो. मानसोपचाराची चिठ्ठी आपल्या नावावर राहिली तर नोकरी जाईल, ही त्याची धास्ती असते. डॉक्टरांना हे ठाऊक नसतं. त्यांना वाटतं, पेशंट अडाणीपणानं नाही म्हणतोय. चिठ्ठी कुणाला दिसेल, कुणाला दिसणार नाही, हे आधी स्पष्ट सांगितलं तर निम्मे लोक तयार होतात, असा मॅडमचा अनुभव आहे. आणि ज्याची अवस्था हत्यार जवळ ठेवण्यासारखी नाही, त्याच्याशी तेही लपवाछपवी न करता बोलावं लागतं. घरात परवान्याची बंदूक आहे का, हा प्रश्न त्या वेळी टाळून चालत नाही.

कागदावरच्या शब्दांचं वजन इथं आणखी एका कारणानं वाढतं. अपंगत्वाच्या पेन्शनचा निकाल मुख्यतः 'आजार सेवेमुळं झाला किंवा सेवेमुळं वाढला' या मुद्द्यावर लागतो. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तंदुरुस्त होता असंच धरायचं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सांगितलं. तरीही केस लढवताना जुने कागद निघतात. घाईत कुणीतरी लिहिलेला 'दारूडा' हा शब्दही निघतो. दारूबद्दल विचारू नका असं मॅडम म्हणत नाहीत, उलट नेमकं विचारा म्हणतात. कॅन्टीनमधून महिन्याचा कोटा मिळतो, हे सगळ्यांना माहीत असतं. "पिता का?" असं विचारलं की "कधीतरी" असं उत्तर येतं. "कोटा किती दिवस पुरतो?" असं विचारलं की आकडा मिळतो. मग तो आकडाच लिहायचा. विशेषण लिहायचं नाही.

बोलण्या-वागण्यातल्या लहान गोष्टीही त्या सोडत नाहीत. मिलिटरी हॉस्पिटलात सिस्टर ही कमिशन घेतलेली अधिकारी असते. १८८८ साली मुंबईत उतरलेल्या दहा नर्सपासून ही परंपरा चालत आली आहे. त्यामुळं जुना सुभेदार नव्या नर्सलाही मॅडम म्हणतो, ती म्हणेल ते हुकूम म्हणून ऐकतो आणि शंका विचारत नाही. "समजलं?" म्हटलं की "समजलं मॅडम" येणारच. म्हणून समजलं का विचारण्याऐवजी, आता घरी गेल्यावर काय करणार ते मला सांगा, असं म्हणायचं. 'सिरीयस' हा शब्द सांभाळून वापरायचा. फौजेत एसआय लिस्ट आणि डीआय लिस्ट असते, म्हणजे गंभीर आणि अतिगंभीर पेशंटची यादी. पेशंट त्या यादीत गेला की घरी कळवलं जातं. इथल्या एका वॉर्डबॉयनं सहज "बाबा जरा सिरीयस आहेत" म्हटल्यावर एका माजी सैनिकाच्या भावकीनं दोन जीपगाड्या भरून आणल्या होत्या.

साहेब म्हणायचं की काका? शक्य तिथं हुद्द्यानं हाक मारावी, सुभेदार साहेब, हवालदार साहेब. त्यानं मोकळेपणा येतो. पण सगळ्यांना एका मापानं मोजणं हेही न समजून घेणंच आहे. फौजेत स्वयंपाकी असतो, क्लार्क असतो, ड्रायव्हर असतो, न्हावी असतो. प्रत्येकानं गोळी झाडलेली नसते आणि प्रत्येकाला रात्री स्वप्नं पडत नाहीत. एका माजी शिपायानं तर स्पष्ट सांगितलं, की मला फौजी म्हणू नका, ते दिवस मला आठवायचे नाहीत. त्याचं म्हणणं तसंच पाळलं गेलं. आणि एक प्रश्न मॅडमनी कायमचा बंद केला आहे. "तुम्ही किती जणांना मारलं?" असं कौतुकानं विचारणारे सुशिक्षित लोकही आहेत, रुग्णालयातही आहेत.

दिसणाऱ्या जखमेसाठी आपल्याकडं चांगल्या संस्था उभ्या राहिल्या. पुण्याचं आर्टिफिशियल लिंब सेंटर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं आहे, खडकीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून काम करतं आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झालेले सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९७२ साली हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले, ते अशाच सेवेच्या बळावर उभे राहिले होते. न दिसणाऱ्या दुखण्याला जगभरच उशिरा दाद मिळाली. व्हिएतनाम युद्धानंतर, १९८० साली, पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरच्या तणावाचा आजार, हे निदान अमेरिकी मानसोपचाराच्या अधिकृत यादीत आलं. आता तिथं परिचारिकांची राष्ट्रीय अकादमी प्रत्येक पेशंटला 'तुम्ही कधी सैन्यात होता का?' हे विचारण्याची मोहीम चालवते, नागरी डॉक्टरांसाठी लष्करी संस्कृतीचे अभ्यासक्रम आहेत. ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरांच्या (जीपी) दवाखान्यांना माजी सैनिकांना समजून घेणारा दवाखाना म्हणून मान्यता मिळते. आपल्याकडं ही सगळी मदार अजून एखाद्या मॅडमवर आहे.

त्यांच्या रुग्णालयात केसपेपरवर आता एक छापील ओळ आहे: सैन्यात सेवा, रेजिमेंट, पोस्टिंग. ईसीएचएसचं कार्ड दाखवणाऱ्यालाच नव्हे, प्रत्येकाला ती विचारली जाते, कारण पेन्शनशिवाय बाहेर पडलेल्यांकडं कार्ड नसतं. पुढं असे लोक वाढणार आहेत. २०२२ साली अग्निपथ योजना आली. चार वर्षांची सेवा संपवून घरी येणाऱ्या अग्निवीराला माजी सैनिकाचा दर्जा नाही, पेन्शन नाही, ईसीएचएस नाही. पंचविशीच्या आतबाहेरचा हा मुलगा गावातल्याच दवाखान्यात येईल, कान वाजतात किंवा झोप लागत नाही म्हणून, आणि तो सैन्यात होता हे त्याच्या कुठल्याच कार्डावर नसेल. महाराष्ट्रातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रानं, प्रत्येक खासगी दवाखान्यानं ही एक ओळ आपल्या केसपेपरवर छापून घ्यावी आणि नर्सनं ती तोंडानं विचारावी.